डचेस जेवत नव्हती

नोरीन पार्गेटर खाटकाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. इंग्लंडातल्या आमच्या क्रॅडली हीथ गावातल्या निम्म्या घरांत रविवारी जे मांस शिजायचं ते तिच्याच हातून कागदात बांधलेलं असायचं. बाई बोलायला कमी, पण कोणाला चरबी चालत नाही, कोणाच्या सासऱ्याला दात राहिले नाहीत, हे सगळं तिला पाठ. तिचा नवरा सिरिल आधी साखळ्यांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर तो शाळेचा केअरटेकर झाला. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या त्या छोट्या घरात, मागच्या खोलीत, एका मोठ्या काचपेटीत डचेस राहायची.

डचेस म्हणजे अजगरीण. आफ्रिकेतल्या बुटक्या जातीची. मनगटाएवढी जाड, चॉकलेटी अंगावर सोनेरी डाग, आणि भ्यायली की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळून बसणारी. साप पाळणं आमच्याकडे काही नवलाईचं नव्हतं. कोणी कबुतरं पाळतं, कोणी शर्यतीचे कुत्रे, तसे आमच्यातले काही जण साप पाळायचे. महिन्यातून एकदा कामगार क्लबाच्या वरच्या खोलीत आमचं मंडळ भरायचं. माझा नवरा सभासद होता आणि चहाची किटली माझ्याकडे होती, म्हणून मीही असायची.

सिरिल डचेसला शाळांत न्यायचा, वृद्धाश्रमांत न्यायचा. पोरांच्या हातात द्यायचा, म्हाताऱ्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि न थांबता बोलायचा. घरात मात्र त्याचं तोंड बंद. जेवण झालं की ‘छान होतं’, बाहेर निघताना ‘येतो’, एवढंच. पण मागच्या खोलीत गेला की त्याचा आवाजच बदलायचा. “काय राणीसाहेब, झोप झाली का? आज फार थंडी आहे हो बाहेर.” नोरीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत ते ऐकायची.

तिला सापाची भीती नव्हती, किळसही नव्हती. फ्रीजरमधला मेलेला उंदीर काढून कोमट पाण्यात सोडायचं काम तीच करायची. खाटकाच्या दुकानातली बाई, तिला कसली किळस! त्यामुळे त्या जनावराविषयी तिच्या मनात काही असेल असं कोणाला कधी वाटलंच नाही.

पानगळीच्या दिवसांत सिरिल शाळेच्या पन्हाळीतली पानं काढायला शिडीवर चढला, खाली उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही.

अंत्यविधीला गर्दी झाली. नंतर क्लबात हॅमची सँडविचेस आणि चहा होता. जो तो नोरीनचा हात हातात घेऊन डचेसचीच आठवण सांगत होता. पाद्रीबाबांनीसुद्धा सांगितली. भिंतीवर सिरिलचा गळ्यात साप घातलेला फोटो लावला होता. लग्नाचा फोटो तिने पर्समध्ये घालून आणला होता, पण कोणी मागितला नाही.

“आता डचेसचं बघ बाई,” बेरिल म्हणाली. बेरिल आमच्या मंडळाची चिटणीस. जीभ तिखट, पण कामाला वाघ. “सिरिलचा जीव होता तिच्यात.”

“बघते,” नोरीन म्हणाली.

पुढचं सगळं नोरीननेच मला नंतर सांगितलं. काही दिवसांनी तिने मागची खोली साफ करायला घेतली. व्हॅक्यूम लावायला जागा हवी म्हणून तिने पेटीचा प्लग काढला. पेटीत सापाच्या पोटाखाली गरम राहणारी चटई असते, तिचा तो प्लग. साफसफाई झाली, आणि प्लग परत लावायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडदे सारायला आत गेली तेव्हा तो गालिच्यावर पडलेला दिसला.

“लावते म्हटलं चहा घेऊन,” ती मला म्हणाली. “चहा घेतला. मग कामाला गेले. संध्याकाळी पुन्हा दिसला. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले, आणि दार ओढून घेतलं.”

“का गं?”

“ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या खोलीत पहिल्यांदा शांत वाटलं. ती चटई बारीक घुमायची ना, तो आवाज बंद झाला होता.”

साप गार पडला की खात नाही. खाल्लेलं त्याच्या पोटात कुजतं, म्हणून त्याचं शरीरच नको म्हणतं. आमच्यातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. नोरीनला तर सिरिलने कितीदा सांगितलं होतं. तरी ती दर आठवड्याला उंदीर काढायची, कोमट करायची, चिमट्यात धरून डचेसच्या तोंडापुढे हलवायची. डचेस डोकं फिरवायची. “मी माझं कर्तव्य केलं,” असं मनाशी म्हणून नोरीन उंदीर कागदात गुंडाळून टाकून द्यायची. प्लग तिथेच गालिच्यावर असायचा. ती त्याला ओलांडून जायची.

एके दिवशी दुकानात कोणीतरी विचारलं, “डचेस कशी आहे गं?”

“जेवत नाही,” नोरीनच्या तोंडून निघून गेलं.

“अगं बाई! म्हणजे कधीपासून?”

“तो गेल्यापासूनच.”

गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “शोक करतेय बिचारी. आणि लोक म्हणतात सापाला काळीज नसतं!”

नोरीनने किमा बांधला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. पण बोलणं दुकानाबाहेर पसरलं होतं. आठवड्याभरात हाय स्ट्रीटच्या सगळ्या बाजारात एकच विषय. मालकाच्या विरहात अजगरीण अन्न सोडून बसली. लोक मुद्दाम दुकानात यायचे. कोणी नोरीनच्या हातावर हात ठेवायचं, कोणी केक आणून द्यायचं. जन्मभर जिच्याकडे लोक फक्त वजनकाट्यापलीकडून पाहायचे, तिच्याशी आता थांबून बोलत होते. ते तिला गोड लागलं. हेही तिनेच कबूल केलं.

मग स्थानिक साप्ताहिकाची एक तरुण बातमीदार फोटोग्राफरला घेऊन घरी आली. “मिसेस पार्गेटर, तिला जरा गळ्यात घ्याल का? तुमचे मिस्टर घ्यायचे तशी?”

नोरीनने पेटी उघडली. डचेस दगडासारखी गार होती. गळ्यात घेतली मात्र, ती हळूहळू हलली, नोरीनच्या मानेभोवती वळली, स्वेटरच्या गळ्यातून डोकं आत घातलं आणि घट्ट चिकटून राहिली. सोडवता सुटेना.

“बाप रे, किती माया!” बातमीदार पुटपुटली. तिने डोळे पुसले.

माया कसली! जनावर ऊब शोधत होतं. जिने ऊब काढून घेतली तिच्याच अंगाची ऊब. नोरीनला ते त्याच क्षणी कळलं. ते गार अंग तिच्या छातीवर हळूहळू कोमट होत गेलं, आणि फोटोग्राफर म्हणत होता, “जरा इकडे पाहा, हां, अशाच राहा.” फोटोत तिचा चेहरा पडलेला आहे. लोकांना वाटलं दुःखाने.

माणसं गेल्यावर तरी तिने प्लग लावावा की नाही? नाही लावला. “आता लावला असता तर ती खायला लागली असती,” ती म्हणाली. “मग लोकांना काय सांगायचं होतं मी?”

नाताळच्या आधीच्या सभेत मंडळाने सिरिलच्या नावाचा चषक ठेवला आणि पहिला नोरीनलाच दिला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटा रॉयस्टन टिबेट्स बसून होता.

रॉयस्टन सिरिलचा जुना सोबती. बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. बायको केव्हाच गेलेली. पेटी गार पडली की वीज जोडणारा आणि तापली की तोडणारा एक छोटा डबा तो हाताने बनवायचा. बाजारात तसले थर्मोस्टॅट मिळत, पण आमच्यातल्या बहुतेकांकडे ‘रॉयस्टनचा डबा’च असायचा. डचेसच्या पेटीलाही तोच होता.

सभा संपल्यावर तो नोरीनजवळ आला. “राग मानू नकोस, पण साप शोक करत नाहीत गं. काहीतरी दुसरं कारण असणार. मी येऊन बघतो.”

“पुढच्या आठवड्यात ये,” ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला सर्दी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुकानात गर्दी होती. मग घरी पाहुणे यायचे होते. ज्या बाईकडे वर्षानुवर्षं कोणी पाहुणा आला नव्हता, तिच्याकडे!

जानेवारीतल्या एका रविवारी रॉयस्टन न सांगता दुपारी दारात हजर. पण त्याची टोपी तिला खिडकीतून कोपऱ्यावरच दिसली होती. तो बर्फावरून जपून पावलं टाकत येईपर्यंत तिने धावत जाऊन प्लग लावला.

रॉयस्टनने बूट पुसले, मागच्या खोलीत गेला, पेटीपाशी वाकला आणि तसाच थांबला. डचेस मान वर ताणून, तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती. श्वासागणिक बारीक शिट्टी वाजत होती. ओठांच्या कडेला बुडबुडे आले होते.

“अरे देवा,” तो म्हणाला. “छातीत भरलंय. ही थंडी बाधलीय, नोरीन.” त्याने आत हात घालून चटई चाचपली. कोमट होऊ लागली होती. मग त्याने आपला डबा पाहिला. डब्यावरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे वीज येत होती. तो कितीतरी वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिला.

“चटई चालू आहे, आणि साप थंडीने आजारी,” तो सावकाश म्हणाला. “म्हणजे हा डबा मधूनच वीज तोडतोय. माझा डबा.” तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “नोरीन, हे माझ्यामुळे झालं गं. तू बिचारी रोज उंदीर घेऊन बसतेस, आणि माझ्या डब्याने तिला गारठवलं.”

नोरीनने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, हे ती शपथेवर सांगते. आणि ती म्हणाली, “चहा घेणार?”

चहाला तो थांबला नाही. डचेसला उशीच्या अभ्र्यात घालून, कोटाच्या आत छातीशी धरून तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. ती द्यायला आणि ऊब राखायला त्याने डचेसला आपल्याच घरी ठेवून घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ नोरीन गप्प राहिली असती. पण रॉयस्टन सरळ माणूस. तो पिशवी घेऊन घरोघर फिरू लागला. ज्याच्या ज्याच्याकडे त्याचा डबा होता त्याला म्हणायचा, “काढून टाका, भरवसा नाही. सिरिलची डचेस माझ्या डब्याने मरता मरता वाचलीय.” आमच्या घरीही आला. माझा नवरा म्हणाला, “अरे, आमचा तर इतकी वर्षं बिनतक्रार चालतोय!” रॉयस्टनने ऐकलं नाही. डबा उचकटून पिशवीत टाकला, मान खाली घालून गेला.

लोकांची तोंडं काय, कोण धरणार? बेरिल तर दुकानात भर रांगेत म्हणाली, “रॉयस्टनचे आता हात कापायला लागलेत, दिसतही नाही धड. म्हाताऱ्याने कधीच थांबायला हवं होतं. तो गरीब जीव उपाशी राहिला, आणि आपण म्हणतोय शोक, शोक!” मग काउंटरकडे वळून, “तुला किती गं सोसावं लागलं, नोरीन!”

नोरीनच्या हातात सॉसेजची माळ होती. ती म्हणते, त्या वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

फेब्रुवारीची सभा. मी कप मांडत होते. रॉयस्टन उठला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, “मी यापुढे उपकरणांचं काम बघणार नाही. कोणा तरुण माणसाला द्या. मी ते डबे एकेक करून उघडले. मला एकातही दोष सापडला नाही. म्हणजे आता मला दोष दिसतच नाही. असा माणूस काय कामाचा?”

कोणी काही बोलणार तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नोरीन उभी राहिली होती. अंगावर कोट तसाच.

“डब्यात दोष नव्हता,” ती म्हणाली. “प्लग काढलेला होता. मी काढला होता.”

बेरिल लगेच पुढे झाली. “अगं, म्हणजे साफसफाई करताना चुकून निघाला असणार. होतं असं. त्या दिवसांत तुझं लक्ष तरी कुठे—”

“पहिल्या दिवशी चुकून,” नोरीन म्हणाली.

“आणि मग?”

“मग चुकून नाही.”

 खालच्या बारमधून डार्ट्सच्या खेळाचा आवाज तेवढा येत होता. बेरिलने माझ्याकडे पाहिलं. नोरीनने पिशवीतून सिरिलच्या नावाचा चषक काढला आणि टेबलावर ठेवला. “हा मला घेता येत नाही,” म्हणाली. रॉयस्टनने टोपी डोक्यावर घातली, तिच्या शेजारून गेला, आणि जिना उतरून जाईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. दुकानात काही बायका काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. बेरिल तोंडावर म्हणाली, “नवऱ्यावरचा राग त्या मुक्या जिवावर काढलास? निदान त्याचे कपडे जाळायचे होतेस!” नोरीन म्हणाली, “खरंय तुझं.”  नोरीन साप्ताहिकाच्या कचेरीतही गेली होती. खरं काय ते छापा म्हणाली. त्या बातमीदार मुलीने ऐकून घेतलं, लालबुंद झाली, आणि म्हणाली, “मिसेस पार्गेटर, लोकांनी ती बातमी कापून ठेवलीय हो. राहू द्या ना.” छापलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी ती रॉयस्टनच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

“माफी मागायला आले.”

“सापाची की माझी?”

“दोघांची.”

“सापाचं मी बघतोय,” तो म्हणाला. “माझं काय? मी दिवसदिवस तो डबा उघडून बसत होतो, नोरीन. तारा तपासत होतो. पुन्हा, पुन्हा. मला वाटलं माझं डोकं कामातून गेलं. माझ्या बापाचं शेवटी तसंच झालं होतं. आणि तू मला चहा विचारत होतीस.”

 नोरीन म्हणाली, “तो तिच्याशी बोलायचा, रॉयस्टन. माझ्याशी नाही.”

रॉयस्टन उंबऱ्यावर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. त्याने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, हे मला नेहमी बरं वाटतं. “तो आमच्याशीही बोलायचा नाही,” तो म्हणाला. “सापांपलीकडे एक शब्द नाही. माझी बायको गेली तेव्हा घरी येऊन बसला, आणि तासभर मला कात टाकण्याबद्दल सांगत होता.” मग दार लोटता लोटता म्हणाला, “पण म्हणून मी काही कोणाचा प्लग काढला नाही.”

वसंतात डचेसची छाती मोकळी झाली. अंग सुरकुतलं होतं, पाठीचा कणा वर आला होता. तरी ती खाईना. रॉयस्टनने पेटीवर कापड टाकलं, आल्यागेल्या सगळ्यांना त्या खोलीत जायची बंदी केली, आणि वाट पाहिली. एके दिवशी तो दुकानात आला. रांगेत उभा राहिला, नोरीनच्याच. डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री मागितली. ती कागदात बांधत असताना म्हणाला, “खाल्लं तिने. लहानसा उंदीर. पोटात राहिलाय.”

नोरीन काउंटर सोडून मागच्या थंड खोलीत गेली आणि टांगलेल्या मांसाच्या मधोमध उभी राहून रडली. रॉयस्टनची पेस्ट्री दुसऱ्या मुलीने दिली.

डचेस परत द्या, असं तिने कधी म्हटलं नाही, आणि रॉयस्टननेही कधी विचारलं नाही. त्याने डबे पुन्हा बनवायला घेतले. पहिला आम्हीच मागितला. नोरीन सभेला येत राहिली. कोणी बोललं तर बोलायची, नाहीतर माझ्याबरोबर कप धुवायची. हळूहळू बायका तिच्या रांगेत परत आल्या. सगळ्या नाही.

दीडेक वर्षाने रॉयस्टनने नोरीनला आणि मला एका रविवारी जेवायला बोलावलं. भाजलेलं मांस नोरीननेच आणलं होतं. जेवणानंतर त्याने डचेसला बाहेर काढून मांडीवर घेतलं. अंग भरलं होतं, कातडी चकाकत होती. ती त्याच्या हातावरून सरकत टेबलाच्या कडेपर्यंत आली आणि जीभ लवलवत नोरीनच्या दिशेने मान पुढे केली.

नोरीनने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

“घे की,” रॉयस्टन म्हणाला. “चावत नाही ती, तुला माहितीय.”

“नको.”

“अगं, आता झालं गेलं. घे.”

“नको रे,” ती म्हणाली. “लाज वाटते.”

“कोणाची? आमची? आम्ही काय परके आहोत?”

“तुमची नाही,” नोरीन म्हणाली. “तिची.”

रॉयस्टन उठला. डचेसला उचलून आत घेऊन गेला. आम्ही दोघींनी ताटं गोळा केली.